नाच बसवणं : कल्याण ते झुंबा

फोंड्यात आमच्या घराजवळ एक हॉल आहे. तिथे संध्याकाळी सहा वाजता झुंबाचा वर्ग भरतो. सौ. तिथे जाते, आणि तिला आणायला गेलो की मी दाराशी खुर्ची टाकून शेवटची दहा मिनिटं बघत बसतो. शिकवणारी मुलगी पंचविशीची आहे. मराठी छान बोलते, पण तिच्या हेलावरून ती आमच्याकडची नव्हे हे लगेच कळतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "मी मुडबीची, काका. बसवकल्याण तालुका, बिदर जिल्हा. आमच्या गावातून कलबुर्गीपण जवळच." वडील कामासाठी गोव्यात आले आणि सगळं घरच इकडे आलं. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात.

एकदा वर्ग सुटल्यावर ती एकटीच आरशासमोर उभी राहून एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत होती. वहीत काहीतरी लिहायची, पुसायची, परत लिहायची. "नवं गाणं बसवतेय," म्हणाली. मी सहज विचारलं, की तुमच्या भागातला एखादा नाच घेत नाहीस का यात? तिने हसून उत्तर दिलं, "आमच्याकडे नाच कुठला, काका? आमच्याकडे दुष्काळ."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मुडबीच्या मुलीने असं म्हणावं? ज्या तालुक्यात तिचं गाव आहे त्याच तालुक्याच्या ठिकाणी, नऊशे वर्षांपूर्वी, एका राजाने स्वतः नाच बसवला होता आणि तो ग्रंथांत नोंदला गेला. म्हणून हा लेख. थोडा तिच्यासाठी, थोडा आपल्या सगळ्यांसाठी.

बसवकल्याण म्हणजे जुनं कल्याण, उत्तर चालुक्यांची राजधानी. महात्मा बसवेश्वर तिथे आले ते बाराव्या शतकाच्या मध्यावर. त्याआधी, ११२६ ते ११३८ या काळात, तिथे तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. लढायांपेक्षा ग्रंथात रमणारा राजा. त्याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पाच विंशती, म्हणजे वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, हत्ती, घोडे, रत्नं, स्वयंपाक, चित्रकला, खेळ, जे जे राजाला ठाऊक असावं ते सगळं त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेने तो १९२५ पासून तीन खंडांत छापला.

या ग्रंथात आपल्या विषयाचे दोन अध्याय आहेत. एक मल्लविनोद आणि दुसरा नृत्यविनोद. मल्लविनोदात पैलवानांची प्रतवारी आहे, त्यांचा खुराक आहे आणि त्यांच्या मेहनतीचे प्रकार आहेत. वजनाची मेहनत, चालण्याची मेहनत, पाण्यात पोहण्याची मेहनत, हातांच्या झटापटीची मेहनत आणि खांबावरची मेहनत. ही शेवटची 'स्तंभश्रम' म्हणजे आपल्या मल्लखांबाचा सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. नृत्यविनोदात नाचाचे सहा प्रकार सांगितले आहेत : नाट्य, लास्य, तांडव, लाघव, विषम आणि विकट. यातला विषम म्हणजे कसरतीचा नाच आणि विकट म्हणजे हसवणारा. मान, खांदे, छाती, कंबर, पाय, एकेका अवयवाच्या हालचाली मोजून दिल्या आहेत.

म्हणजे एकाच राजाच्या एकाच ग्रंथात व्यायामही आहे आणि नाचही आहे, पण दोन वेगळ्या दालनांत. पैलवान घाम गाळतो, नर्तकी नाचते, राजा दोघांकडे बघतो. घामासाठी नाचायचं हे तिथे कुणाच्या मनात नाही.

पण याच सोमेश्वराची एक गोष्ट आहे आणि तीच मला त्या मुलीला सांगायची होती. ती आपल्याला जायसेनापतीच्या 'नृत्तरत्नावली'त मिळते. जायसेनापती हा वारंगळच्या काकतीय गणपतिदेवाचा सेनापती. त्याने १२५३-५४च्या सुमारास हा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की पूर्वी कल्याण नगरात भूतमातेचा उत्सव चालू असताना सोमेश्वराने एक स्त्री पाहिली. तिने भिल्लिणीचा वेश घेतला होता आणि ती गात गात नाचत होती. राजाला तो नाच इतका आवडला की त्याने त्यावरून एक नवा नृत्यविधी रचला. त्याचं नाव गौंडली. हे नाव का? तर महाराष्ट्रात भिल्लिणीला गौंडिनी म्हणतात म्हणून!

बघा, कानडी मुलखातली राजधानी, तेलुगू मुलखातला लेखक, आणि नाचाचं नाव मराठी बोलीतलं. सीमाभाग म्हणजे काय हे याहून नेमकं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

यालाच आपण मराठीत 'नाच बसवणं' म्हणतो. कोरिओग्राफी हा शब्द अलीकडचा, 'बसवणं' मात्र आपलं. नाटक बसवतात, गाण्याला चाल बसवतात, तसा नाच बसवतात. उत्सवातल्या बाईचा नाच तिच्या अंगात होता. ती आज एक करील, उद्या दुसरं. राजाने त्यातलं काय ठेवायचं, काय गाळायचं, कशानंतर काय यायचं हे ठरवलं, आणि मग तो नाच दुसऱ्यांना शिकवता येऊ लागला. गौंडली पुढे देशी नृत्याच्या ग्रंथांतून टिकली. राजाचं नाव टिकलं. त्या बाईचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आता व्यायाम आणि नाच एकत्र कधी आले ते पाहू. त्यासाठी एक साधी वस्तू हातात घ्यायला हवी, ती म्हणजे लेझीम.

लेझीम हा शब्द फारसी आहे. फारसीत 'लेज़म' म्हणजे तातीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं, मेहनतीसाठी वापरायचं धनुष्य. इराणच्या जुन्या आखाड्यांना जूरखाना म्हणतात. तिथे असंच जड साखळीचं धनुष्य डोक्यावर धरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलवतात, आणि उंच ओट्यावर बसलेला मुर्शिद ढोल वाजवत, काव्य म्हणत ताल देतो. तालावर व्यायाम, समोर ताल देणारा गुरू आणि गोल करून उभे असलेले शिष्य. आजच्या वर्गाची मांडणी याहून फार वेगळी नाही. दख्खनमध्ये बहमनींच्या काळापासून फारसी बोलणारी माणसं आणि फारसी शब्द आले. गुलबर्गा आणि बिदर या तर त्यांच्या राजधान्याच. तालीम हा शब्दही तसाच, आपल्याकडे फारसीतून आलेला.

तालमीतली लेझीम जड होती. ती पैलवानाच्या खांद्यांसाठी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हलकी झाली. हातभर लाकडी दांडा, त्याला साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या. त्यामुळे वजन कमी झालं आणि आवाज वाढला. मग ती शाळेतल्या पोरापोरींच्या हातात देता आली. त्या वेळी शाळांत इंग्रजी ड्रिल चाले, हुकूम इंग्रजीत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव यांनी सांघिक व्यायामासाठी हिंदी हुकूम रूढ केले. जुम्मादादा हे त्यांचे गुरू, मुसलमान उस्ताद. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. तिथलं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. अशा संस्थांतून शिकलेले व्यायामशिक्षक गावोगाव पसरले आणि त्यांच्याबरोबर लेझीमही पसरली.

या शिक्षकांनी काय केलं? त्यांनी लेझीम बसवली. चार आवाज, एक जागा, आदि लगाव, पवित्रा, दोरुख, आगे फलांग, पीछे फलांग, ही नावं ज्यांनी शाळेत लेझीम खेळली त्यांना अजून आठवत असतील. चार आवाज म्हणजे चार अंकांत चार ठोके. आधी हे पक्कं करायचं. मग पाय उचलायचा, मग वळायचं, मग पुढे-मागे जायचं. जे उजवीकडे केलं ते डावीकडेही करायचं. ही चढती रचना आहे. सोप्यापासून सुरुवात, मध्ये दम काढणारं, शेवटी पुन्हा जागेवर. आणि नावं बघा, ना धड मराठी ना कन्नड, सगळी हिंदुस्तानी वळणाची! त्यामुळे घरात मराठी बोलणारा आणि घरात कन्नड बोलणारा अशी दोन मुलं एकाच ओळीत, एकाच हुकुमावर वाकू शकत होती. मुडबीसारख्या गावात ही लहान गोष्ट नव्हे.

त्यातही त्या मुलखात तर व्यायाम हीच साधी गोष्ट नव्हती. बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे आखाडा चालवायला सरकारची परवानगी लागे. १९३८-३९ साली आर्य समाजाने संस्थानात जो सत्याग्रह केला, त्याच्या तक्रारींत सभा-मिरवणुकांवरच्या बंदीबरोबर आखाड्यांवरचे हे निर्बंधही होते. दहा माणसांनी एका तालावर पाय टाकला की सत्तेला भीती वाटते, हे निजामालाही कळत होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे संस्थान भाषेनुसार वाटलं गेलं, तेव्हा बिदर आणि गुलबर्गा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. सीमेच्या दोन्ही बाजूंना लेझीम मात्र वाजतच राहिली.

तिकडे अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली आलं. हृदय आणि फुप्फुसं बळकट करायची तर सलग, दम लागेल अशी हालचाल हवी, हे त्यांचं सांगणं. १९६९ साली ज्युडी शेपर्ड मिसेट या नृत्यशिक्षिकेने शिकागोजवळ जॅझरसाइज सुरू केलं. तिचं नेहमीचं नृत्य अवघड वाटून बायका वर्ग सोडून जात होत्या. तिने विद्यार्थिनींना आरशाकडे पाठ करायला लावलं आणि सोप्या पावलांवर नाचवलं. मग कोलंबियातला बेटो पेरेझ. तो एकदा एरोबिक्सच्या वर्गाला नेहमीची कॅसेट घरी विसरून गेला आणि त्याने जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर वर्ग घेतला, ही त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. २००१ साली अमेरिकेत त्याची कंपनी निघाली. झुंबा शिकवायला परवाना लागतो, आणि सभासद शिक्षकांना कंपनीकडून नवी गाणी व बसवलेल्या स्टेप्स मिळत राहतात.

आता आमच्या मुडबीच्या मुलीची वही. मी ती मागून घेतली आणि पाहिली. गाण्याचे तुकडे पाडलेले : सुरुवात, कडवं, धृपद, मधलं संगीत, पुन्हा धृपद. प्रत्येक तुकडा आठ-आठ अंकांत मोजलेला, चार आठ मिळून बत्तीस. धृपद आलं की तीच पावलं परत, म्हणजे विसरलेल्या बाईला पुन्हा गाडी पकडता येते. उडीच्या समोर फुली मारून 'फरशी कडक, गुडघे' असं लिहिलेलं. तोंड वर्गाकडे करून शिकवायचं म्हणून स्वतःचा डावा पाय वर्गाच्या उजव्यासाठी. गाण्याच्या आवाजात हुकूम ऐकू येत नाहीत म्हणून हाताच्या खुणा. दोन जोराच्या गाण्यांनंतर एक सावकाश गाणं. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य : 'मागच्या रांगेतल्या काकूंना जमेल ते.'

सोमेश्वराने आणि त्या अनाम व्यायामशिक्षकांनी जे केलं तेच ही मुलगी करते आहे. बसवणं म्हणजे नुसतं जोडणं नव्हे. जास्त करून ते गाळणंच आहे. स्वतःला जे येतं त्यातलं पुष्कळ सोडायचं, म्हणजे दुसऱ्याला येईल. राजाने दरबारच्या नर्तकींसाठी बसवलं, व्यायामशिक्षकांनी शाळेच्या पटांगणासाठी, आणि हिने मागच्या रांगेतल्या काकूंसाठी. माझ्या मते हिचं काम सगळ्यांत कठीण आहे.

एक फरक मात्र आहे. झुंबात आवाज स्पीकरमधून येतो, तर लेझमीत आवाज नाचणाऱ्याच्या हातातून येतो. हलगी-ढोल असतातच, पण ठोका आपला आपण द्यायचा असतो. एकाचा चुकला तर सगळ्यांना ऐकू येतो, आणि पन्नास जणांचा एकत्र पडला तर अंगावर काटा येतो. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला सांगलीच्या पथकाची लेझीम झाली, तेव्हा सगळ्या देशाने हा ठोका ऐकला. आज बऱ्याच शाळांतल्या लेझमी २६ जानेवारीला कपाटातून निघतात आणि २७ला परत कपाटात जातात. ज्यांनी लेझीम बसवली ते बहुतेक शिक्षकही त्या कल्याणच्या बाईसारखेच नावाविना गेले.

ही सगळी कहाणी मी त्या मुलीला एका संध्याकाळी सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लेझीम मला येते, काका. शाळेत पाचवीपासून होतो आम्ही. पण तो नाच आहे असं कुणी सांगितलंच नाही. पीटीचा तास म्हणायचे."

पुढच्या आठवड्यात वर्गाच्या सुरुवातीला, अंग मोकळं करायच्या गाण्यात, काकू मंडळी चार ठिकाणी टाळ्या वाजवत वाकत होती. खाली, कमरेशी, छातीशी, डोक्यावर. लेझमी नव्हत्या. हॉलवाल्याने आवाजाला नको म्हटलं असणार. पण चार आवाज होते, आणि मागच्या रांगेलाही ते जमत होते.