माणदेशची धावपटू ललिता बाबर

भगिनींनो, आपल्या जालन्याप्रमाणे सातारा जिल्ह्यातील माण तालुकाही पाण्याला पारखा. तेथील मोही गावी एका शेतकरी घरात १९८९ साली ललिता बाबर जन्मली. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत २०१२ पासून सलग तीन वर्षे तिने पहिला नंबर पटकावला.

पुढे तिने स्टीपलचेस ही अवघड शर्यत धरली. ३००० मीटर पळायचे, वाटेत २८ अडसर ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यावयाची! २०१४ च्या आशियाई खेळांत तिला कांस्यपदक मिळाले, तर २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम शर्यतीत पोचली. वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी हा मान भारतीय धावपटू स्त्रीला लाभला. पदक हुकले, परंतु पाण्यासाठी तहानलेल्या मुलखातली ही लेक पाण्यावरून उड्या घेत तेथे दहावी आली, हे काय थोडे झाले? पुढे महाराष्ट्र सरकारने तिला उपजिल्हाधिकारी नेमले.

मैत्रिणींनो, आपल्या घरी सकाळी पाणी भरायला बहुधा मुलीच असतात. त्यांना तासभर मैदानावर जाऊ द्या. तेवढा वेळ हंडा मुलांनी उचलावा.