बुजलेल्या वाटा आणि शस्त्रे

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, गुलमंडी चौकातून जाताना आम्हांला एक प्रश्न पडतो : शांततेने गाऱ्हाणे मांडणारा समाज शस्त्रापर्यंत कसा पोहोचतो? उत्तरासाठी मराठवाड्याला दूर जावे लागत नाही.

निजामी राज्यात मराठी, तेलुगू व कानडी प्रजा बहुसंख्य होती. कारभार व उच्च शिक्षण मात्र उर्दूतून चाले. तरीही १९३७ साली परतूरला भरलेल्या महाराष्ट्र परिषदेने बंड पुकारले नाही. सनदशीर मार्गच धरला. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादेतील विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हणणेही महागात पडले. सत्याग्रह झाला, तुरुंग भरले. बंदी उठली ती १९४६ मध्ये. भाषाभेद वा धर्मभेद एवढ्याने माणूस बंदूक उचलत नाही. बोलण्याची वाट बुजली की तो दुसरी शोधतो.

१९४७ साली निजामाने स्वतंत्र राहण्याचे ठरविले. फुटून निघू पाहत होती ती सत्ता. प्रजेला भारतात सामील व्हायचे होते. स्वामी रामानंद तीर्थ कारागृहात गेले, कासिम रझवीचे रझाकार गावोगाव फिरू लागले आणि सरहद्दीपलीकडे सशस्त्र प्रतिकाराची केंद्रे उभी राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली. त्याच सायंकाळी दिल्लीत गांधीजी गोळीला बळी पडले. विलीनीकरणाची बाजू घेणारे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्टमध्ये हत्या झाली. ते मुसलमान होते, हे विसरता कामा नये.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने मुक्ती मिळाली. तिच्या पाठोपाठ जे घडले त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिच्या अंदाजानुसार किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि त्यांतील कित्येकांचा रझाकारांशी संबंधही नव्हता.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात उघड व प्रदीर्घ जुलमाचा अपवाद मान्य केला. तथापि बंडातून नवे अन्याय जन्मतात, हा इशाराही दिला. आमच्या मातीने या दोन्ही गोष्टी अनुभवल्या आहेत. १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करताना आम्ही मुक्तिवीरांचे ऋण स्मरतो. त्या निरपराध मृतांसाठीही प्रार्थना करावी. आणि आज कोणाचे गाऱ्हाणे आपण दारातूनच परतवीत आहोत, हेही स्वतःस विचारावे.