गॅसची टाकी महाग पडतेय? आधी पावती बघा, मग वजन करा, शेवटी वापर मोजा

धाराशिव : "मागची टाकी दीड महिना गेली, ही महिन्यातच संपली." "पावती एवढ्याची अन् गाडीवाल्याने घेतले तेवढे." "उज्ज्वलाचे पैसे खात्यावर आलेच नाहीत." जिल्ह्यातल्या गावागावांत अशा तक्रारी ऐकू येतात. बऱ्याच घरांत याचा पहिला राग निघतो तो स्वयंपाक करणाऱ्या बाईवर. "गॅस उधळतेस" म्हणून सुनेला बोल लागतो, पण टाकी काट्यावर कोणी ठेवत नाही.

गॅसचा खर्च अचानक वाढला तर कारण तीन ठिकाणी शोधावं लागतं. एक, पैसे जास्त गेले. दोन, टाकीत गॅस कमी आला. तीन, गॅस जास्त जळला. या तिन्हींचा इलाज वेगळा आहे. त्यामुळे भांडण करण्याआधी आपलं दुखणं यातलं कोणतं, ते ठरवावं.

वास येत असेल तर आधी हे करा

टाकी लवकर संपण्याचं कारण गळती असू शकतं. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. लाईटचं बटण दाबू नका, काडी ओढू नका. घराबाहेर येऊन १९०६ या नंबरवर फोन करा. हा नंबर गॅस गळतीसाठी २४ तास चालू असतो. वास नसला तरी महिन्यातून एकदा नळी आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावून बघावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासू नये. रबरी नळीचं आयुष्य ५ वर्षांचं असतं आणि तारीख नळीवरच छापलेली असते.

१. पैसे जास्त गेले का?

टाकीचा खरा दर म्हणजे पावतीवरची रक्कम. जीएसटी त्यातच धरलेला असतो. वितरकाच्या घरपोच हद्दीत गाव येत असेल तर पोहोच करण्याचा खर्चही त्यातच असतो. "गाडीभाडं", "वर आणायचे", "सुट्टे नाहीत" म्हणून वीस-पन्नास रुपये वर मागितले तर ते देणं बंधनकारक नाही. उलट ग्राहकाने स्वतः गोदामावरून टाकी उचलली तर घरपोच खर्चाची ठरलेली रक्कम दरातून कमी करून मिळते. ही सूट मागावी लागते, बरेच जण मागत नाहीत. गाव हद्दीत आहे की नाही, हे एजन्सीला लेखी विचारावं.

दर मात्र मधेच बदलतो. ३० ऑगस्ट २०२३ ला टाकी २०० रुपयांनी स्वस्त झाली, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरली आणि ८ एप्रिल २०२५ ला ५० रुपयांनी महागली. वाहतूक खर्चामुळे मुंबईचा आणि आपल्याकडचा दर सारखा नसतो. म्हणून टीव्हीवर सांगितलेला दिल्लीचा दर धरून वाद घालू नये. बुकिंगच्या मेसेजमध्ये किंवा कंपनीच्या ॲपवर आपल्या एजन्सीचा त्या दिवशीचा दर दिसतो, तोच धरावा.

बुकिंग करतानाच ऑनलाईन पैसे भरले तर दारात रोखीचा विषय राहत नाही. डिलिव्हरीचा कोड मात्र टाकी हातात आल्यावरच सांगावा. टाकी न येताच "सिलेंडर पोहोच झाला" असा मेसेज आला तर त्याच दिवशी तक्रार करावी. तुमच्या नावावर दुसऱ्याने टाकी उचलली असेल तर ती तुमच्या सबसिडीच्या टाक्यांत मोजली जाते.

सबसिडी कुठं अडकते?

उज्ज्वला योजनेच्या ग्राहकांना १४.२ किलोच्या टाकीमागे ३०० रुपये सबसिडी आहे. ही सबसिडी आधी वर्षाला १२ टाक्यांवर होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी केंद्राने ती ९ टाक्यांवर आणली. म्हणजे दहावी टाकी पूर्ण दराने पडते. अनेक घरांत 'अचानक वाढलेलं बिल' हेच असतं.

राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जुलै २०२४ मध्ये आली. त्यात उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र महिलांना वर्षाला तीन टाक्यांचे पैसे परत मिळतात. योजना आणताना टाकीमागे ८३० रुपये धरले होते. उज्ज्वला ग्राहकांसाठी त्यातले ३०० केंद्राचे आणि ५३० राज्याचे. यात चार अटींवर लोक अडकतात : गॅस जोडणी महिलेच्याच नावावर हवी, रेशनकार्डावरच्या एका कुटुंबात एकच लाभ, एका महिन्यात एकाच टाकीचे पैसे, आणि टाकी १४.२ किलोचीच. टाकी घेताना पूर्ण पैसे भरावेच लागतात, परतावा नंतर खात्यावर येतो. त्यामुळे "फुकट टाकी आहे, मग पैसे का मागता" म्हणून गाडीवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तसंच जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर आधी एजन्सीत जाऊन त्याची चौकशी करावी.

पैसे आलेच नाहीत असं वाटलं तर आधी आधारला कोणतं खातं जोडलंय ते बघावं. रक्कम पासबुक दाखवलेल्या बँकेत जाईलच असं नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात ती जाते. सिम घेताना किंवा दुसऱ्या योजनेसाठी उघडलेलं विसरलेलं खातं अशा वेळी सापडतं. बँकेत किंवा सीएससी केंद्रात हे कळतं. गॅसची ई-केवायसी बाकी असेल तर तीही करून घ्यावी.

२. गॅस कमी आला का?

प्रत्येक टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवायचे. पट्टीवर १५.३ असेल तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालतं, त्यापेक्षा कमी नको. प्रत्येक टाकीचं रिकामं वजन वेगळं असतं, म्हणून शेजारच्या टाकीशी तुलना करू नये.

डिलिव्हरीवाल्याने काटा सोबत ठेवून मागितल्यावर वजन करून दाखवायचं, असा नियम आहे. त्याने काटा आणला नसेल तर सील न काढता टाकी किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवावी. काटा आणि पट्टीवरचा आकडा दोन्ही दिसतील असा फोटो काढावा. सील काढल्यानंतर कमी वजनाची तक्रार टिकत नाही. वजन कमी भरलं किंवा सील ढिलं दिसलं तर टाकी परत करून बदलून मागावी.

त्याच कड्यावर 'ए-२८', 'सी-२७' असा आकडा असतो. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा सालाचा. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये.

३. गॅस जास्त जळला का?

टाकी लावली त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. टाकी ४५ दिवस गेली तर रोजचा वापर साधारण ३१५ ग्रॅम. ३० दिवसांत संपली तर रोज ४७० ग्रॅमच्या आसपास. हा फरक कुठून येतो?

सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे अंघोळीचं पाणी. थंडीत १५ लिटर पाणी गरम करायला अंदाजे ५५ ते ६० ग्रॅम गॅस जातो. चार माणसांच्या बादल्या धरल्या तर महिन्याला सुमारे ७ किलो, म्हणजे अर्धी टाकी नुसत्या पाण्यात गेली. आपल्याकडे तुराट्या, पऱ्हाट्या वाया जातात. पाण्यासाठी अंगणातला बंब चालू ठेवला तरी टाकीचे बरेच दिवस वाढतात.

दुसरं, शेगडी. आच निळी हवी. ती पिवळी दिसत असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल तर बर्नरची भोकं बुजलीत आणि गॅस वाया जातोय. बर्नर काढून घासावा. डाळ, हरभरा, मटकी आधी भिजवावी, कुकर वापरावा, उकळी आल्यावर आच बारीक करावी, भांड्यावर झाकण ठेवावं. आच भांड्याच्या बाहेर जाऊ देऊ नये. टाकी संपत आली की काही जण ती आडवी करतात किंवा गरम पाण्यात ठेवतात. हे धोक्याचं आहे, करू नये.

तिसरं, घरातली माणसं. सणाला लेकी-बाळी आल्या, सुगीत मजुरांचा चहा-स्वयंपाक वाढला, तर टाकी लवकर संपणारच. त्यात कोणाची चूक नाही.

तक्रार कुठं करायची?

तोंडी भांडण गाडीबरोबर निघून जातं, लेखी तक्रार राहते. ग्राहक क्रमांक, तारीख, पावतीची रक्कम, घेतलेली रक्कम आणि फोटो जोडून आधी एजन्सीला अर्ज द्यावा व पोच घ्यावी. दखल घेतली नाही तर गॅस कंपन्यांच्या १८००-२३३-३५५५ या मोफत नंबरवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा. जादा पैशांची तक्रार तहसीलच्या पुरवठा विभागात किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडेही देता येते. कमी वजनाची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.

एवढं करूनही न्याय मिळाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. एजन्सीचा कायमच त्रास असेल तर त्या भागात दुसरा वितरक असल्यास जोडणी तिकडे बदलून घेता येते.

नवीन जोडणी घेताना शेगडी एजन्सीकडूनच घेण्याची सक्ती नाही, आयएसआय मार्कची शेगडी कुठूनही घेता येते. तपासणीसाठी कोणी घरी आलं तर ओळखपत्र बघावं आणि पैसे दिले तर पावती घ्यावी.

पुढची टाकी येईल तेव्हा पावती, वजनाचा फोटो आणि लावल्याची तारीख या तीन गोष्टी मोबाईलमध्ये ठेवा. गॅस लवकर संपलाच तर घरातल्या बाईला विचारण्याआधी या तीन नोंदी बघा.