दोन बॅटऱ्या

मागच्या रविवारी पुतण्या त्याचा पिकअप घेऊन शिरूरला आला. चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात मला दंडाला धरून बाहेर नेलं. "अण्णा, बघा तरी. गाडीत दुसरी बॅटरी बसवली." एक बॉनेटखाली कंपनीची आणि दुसरी हौद्याखाली लोखंडी पेटीत. तो रात्री भाजीपाला भरून पुण्याच्या मार्केटयार्डात जातो. माल उतरेपर्यंत गाडीतच पडतो. पंखा, दिवा, मोबाईल, सगळं चालतं आणि पहाटे सेल्फ मारायला बॅटरी शिल्लक राहत नाही, म्हणून हा खटाटोप.

मी एवढंच विचारलं, "दोन्ही कायमच्या जोडल्यात की वेगळ्या राहतात?"

तो हसला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही मराठी शिकवायचात ना? हे कुठून आलं?"

कुठून आलं ते त्याला तेव्हा सांगितलं नाही. आज लिहितोय, तो वाचेलच.

माझं लहानपण दौंडचं. वडील रेल्वेत. १८७८ साली दौंड-मनमाड लाईन सुरू झाली आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. आमच्या लहानपणी त्याला सगळे धोंडच म्हणत. संध्याकाळी फलाटावर उभं राहिलं की एक गंमत दिसायची. काही गाड्या स्टेशनात येऊन थांबल्या की डब्यातले दिवे मंद व्हायचे आणि गाडीने वेग घेतला की पुन्हा उजळायचे. मला वाटायचं इंजिनच दम खातंय. वडिलांनी एकदा वाकून डब्याखाली दाखवलं. चाकाच्या आसाला पट्टा, पट्ट्यावर फिरणारा डायनमो आणि शेजारी बॅटऱ्यांच्या पेट्या. गाडी धावते तेव्हा डायनमो वीज देतो, थांबली की बॅटरी. बॅटरी थकलेली असली की दिवा मिणमिणतो.

पुढे कधीतरी वाचनात आलं की लंडनमधल्या डेप्टफर्डच्या जे. स्टोन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या दिव्यांसाठी जी पद्धत आणली, तिच्यात बॅटऱ्यांचे दोन संच होते. एक दिव्यांना वीज पुरवायचा, तेव्हा दुसरा भरून घ्यायचा. मग पाळी बदलायची. म्हणजे पुतण्या जे आज करतोय ते आगगाडीने शंभर वर्षांपूर्वीच केलं होतं!

शिशाची बॅटरी त्याहून जुनी. गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसाने ती १८५९ साली केली. पुन्हा पुन्हा भरता येणारी ती पहिलीच. १८८१ साली कामी फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ती धंद्याच्या उपयोगाची झाली. मोटारीत मात्र तिचं मोठं काम यायला १९१२ साल उजाडलं. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत बसला. त्याआधी पुढून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट गेलं. आमच्या लहानपणीही जुन्या लॉऱ्यांना क्लिनर हँडल मारताना मी पाहिलेत. ते काम येरागबाळ्याचं नव्हतं.

डिझेल आलं आणि बॅटरीचा भार वाढला. पेट्रोल इंजिनात हवा आठ-नऊ पट दाबली जाते, डिझेलमध्ये सोळा पट किंवा त्याहूनही जास्त. ठिणगी नसतेच, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. असलं इंजिन थंडीत पहाटे फिरवायचं म्हणजे सेल्फला दांडगी ताकद हवी. तेवढीच ताकद दुप्पट व्होल्टला निम्म्या प्रवाहात मिळते, म्हणून मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात. काही जुन्या डिझेल गाड्यांत तर असा स्विच असायचा की सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या जात आणि एरवी शेजारी शेजारी येऊन दिव्यांना १२ व्होल्टच देत. काय डोकं लावलंय!

आता मुद्द्यावर येतो. ट्रकात दोन बॅटऱ्या दिसतात म्हणून त्या दोन असतात असं नाही. बैलजोडीसारख्या त्या एकाच जुवाला. एक बसली की दुसरी ओढून ओढून किती ओढणार?

१९८८ साली धाकट्या भावाने जुना ट्रक घेतला. गळिताचा हंगाम, ऊस वाहायचा. रात्र रात्र डोळा मिटू नये म्हणून मी त्याला माझ्या पगारातून कॅसेटचा टेप घेऊन दिला. टेप १२ व्होल्टचा, ट्रक २४ चा. वायरमनने दोन बॅटऱ्यांच्या मधून वायर काढली आणि टेप एकाच बॅटरीवर जोडला. सगळेच तसं करायचे. त्याला दोष देत नाही, आम्हीही विचारलं नाही. आता कळतं ते असं : डायनमोकडून दोघींना भरताना सारखंच मिळतं, पण खर्च एकीचाच. ती नेहमी अर्धपोटी राहते, आणि दुसरीला भरणा जास्त होऊन तिचं पाणी उकळून उडतं. भाऊ म्हणायचा, "दादा, एकीत सारखं पाणी घालावं लागतंय." मी म्हणायचो, घाल की मग.

माघात एका रात्री न्हावऱ्याच्या पुढे, पारगावच्या अलीकडे, भरलेल्या ट्रकचा पाटा तुटला. इंजिन बंद केलं, मागचे दिवे लावून ठेवले आणि क्लिनरला मेकॅनिककडे धाडलं. तासाभरात दिवे तांबूस झाले, मग काजव्यासारखे. भावाने टेप तेव्हाच बंद केला होता, पण ती बॅटरी आधीच मेलेली. तो एकटाच. पुढे जाऊन पाचट गोळा करत होता, मागे जाळ करावा म्हणून. काडी ओढायच्या आत मागून मोटारसायकल आली.

पोराचा पाय गुडघ्याखाली मोडला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याने मला ओळखलं. "सर, तुम्ही?" दहावीला माझ्याच वर्गात होता. ट्रक माझ्या भावाचा हे त्याला कळलं, टेप मी दिलेला हे त्याला मी कधी सांगितलं नाही. अजून सांगितलं नाही. तो अजूनही जरा लंगडतो, गणपतीत घरी येतो, नातवंडं घेऊन.

भावाने टेप काढून टाकला. मला परत आणून दिला, एक अक्षर न बोलता. तो माळ्यावर आहे. भाऊ आता नाही.

असो.

तर पुतण्याची व्यवस्था. त्याची गाडी १२ व्होल्टचीच, त्यामुळे जोडणी सोपी. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले आहे. इंजिन चालू होऊन पहिली बॅटरी भरायला लागली आणि व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दुसरीला जोडतो. इंजिन बंद झालं आणि १२.८ च्या खाली आलं की तोडतो. मग पंखा रात्रभर फिरला तरी सेल्फच्या बॅटरीला धक्का नाही. दुसरी बॅटरी त्याने जाड पत्र्यांची घेतली, हे बरं केलं. सेल्फच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात, क्षणभर भरपूर वीज द्यायला. ती रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले तेव्हा हे आपण सगळेच थोडंथोडं शिकलो.

एक चूक मात्र सापडली. फ्यूज एकाच टोकाला होता. मधली वायर दोन्हीकडून जिवंत असते. कुठे घासून बॉडीला टेकली तर एकीकडचा फ्यूज उडेल, दुसरी बॅटरी मात्र वायर जाळेल. फ्यूज दोन्ही टोकांना हवा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. त्याने कान पकडले.

बुधवारी त्याचा फोन आला, "अण्णा, फ्यूज टाकला." मी म्हटलं, बरं झालं. मग आठवलं की खरी गोष्ट विचारायची राहिलीच.

"मागचे दिवे कुठल्या बॅटरीवर आहेत रे?"

"पहिल्या. कंपनीने दिलेत तसेच. त्याला हात नाही लावला. का हो?"