१९५२ सालचे दोन मानकरी आणि आपले महाड

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागते. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख, यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी या गावी झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडचे चवदार तळे यांचा संबंध तर जगाला ठाऊक आहे. या दोघांचाही १९५२ या एकाच वर्षी, ते जिथे शिकले त्या परदेशी शिक्षणसंस्थांनी सन्मान केला. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत याची आठवण काढणे उचित वाटते. जुन्या विद्यार्थ्याचा गौरव करताना संस्थेने काय पाहावे, हे त्यातून दिसते.

परीक्षा न घेता पदवी देण्याची प्रथा जुनी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १४७० च्या दशकाच्या अखेरीस लायोनेल वुडव्हिल यांना दिलेली पदवी ही यातली पहिली नोंद मानली जाते. हे गृहस्थ इंग्लंडच्या राजाचे मेहुणे होते. म्हणजे मान आणि मर्जी यांची सरमिसळ अगदी सुरुवातीपासूनची! पुढे कायद्याची एलएल.डी., साहित्याची डी.लिट. आणि विज्ञानाची डी.एस्सी. या पदव्या सन्मानार्थ देण्याची रीत रूढ झाली. मानद फेलोशिप मात्र वेगळी. तिच्यात पदवी मिळत नाही. महाविद्यालय त्या व्यक्तीला सन्मानाने आपल्या परिवारात सामावून घेते.

देशमुखांना मिळाली ती अशी फेलोशिप. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. त्यानंतर ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ मध्ये जीझस कॉलेजने त्यांना मानद फेलो केले, ते अर्थकारण आणि प्रशासन यांतील कामगिरीसाठी.

बाबासाहेबांची गोष्ट याहून बोलकी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२७ चा क्रम पाहा. २० मार्चला त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ८ जूनला कोलंबियाने त्यांना पीएच.डी. प्रदान केली. २५ डिसेंबरला ते पुन्हा महाडात होते आणि येथे मनुस्मृतीचे दहन झाले. अभ्यास करून मिळवलेल्या त्या पदवीच्या अलीकडे महाड आहे आणि पलीकडेही महाडच आहे. तळ्याचा खटला मात्र पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. तोपर्यंत सव्वा वर्ष ते आणि देशमुख एकाच मंत्रिमंडळात होते. पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. त्यानंतर, ५ जून १९५२ रोजी, कोलंबियाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. दिली. मानपत्रात राज्यघटनेच्या कामाबरोबरच समाजसुधारक आणि मानवी हक्कांचा खंबीर कैवारी म्हणून त्यांचा गौरव होता. हातात मंत्रिपद नाही, निवडणूक हरलेली. अशा वेळी आलेला हा मान मर्जीचा नव्हता, कामाचा होता. पुढच्या वर्षी, १२ जानेवारी १९५३ रोजी, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

मर्जीला आवर घालण्यासाठीच अशा पदवीची वाट अवघड ठेवलेली असते. महाराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठाच्या कुलगुरूंना आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, मान्यता घ्यावी लागते. मग व्यवस्थापन परिषद शिफारस करते आणि अधिसभेत उपस्थितांच्या दोन तृतीयांश बहुमताने ती संमत व्हावी लागते. मुळात पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हेही १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरवले आहे: कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. आपल्या नात्याचे चिंतामणराव १९५६ ते १९६१ या काळात याच आयोगाचे अध्यक्ष होते.

आज गावोगावच्या निमंत्रणपत्रिकांवर 'डॉ.' ची गर्दी वाढली आहे. कुठलीशी संस्था पैसे घेते, झगा घालते, फोटो काढते आणि 'मानद डॉक्टरेट' हाती ठेवते. खरे तर रीतसर मिळालेली मानद पदवीसुद्धा नावामागे 'डॉ.' म्हणून लावू नये, असा संकेत आहे. बाबासाहेबांच्या नावामागचे 'डॉ.' कोलंबिया आणि लंडन येथे प्रबंध लिहून मिळवलेले आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

मित्रहो, महाड-पोलादपूरच्या आपल्या शाळेला अधिसभा नाही की पदवी देण्याचा अधिकार नाही. तरीही मेळाव्याच्या व्यासपीठावर कोणाला शाल द्यायची, हा निर्णय आपण घेतोच. तो घेताना पद, पैसा आणि देणगीचा आकडा बाजूला ठेवावा आणि त्या माणसाने काय केले एवढेच विचारावे. गुरुजनांनी वर्गात आपल्याला गुण दिले तेही याच हिशेबाने दिले होते.