बंपरवरची नभोवाणी : अमेरिकी रेडिओ केंद्रांचे स्टिकर

अमेरिकेतील व्यापारी नभोवाणीचा इतिहास लिहिताना परवान्यांच्या नोंदी, जाहिरातींचे करार आणि वृत्तपत्रांतील कात्रणे ही नेहमीची साधने होत. परंतु 1960 नंतरच्या तीन दशकांपुरते पाहिले, तर मोटारीच्या मागच्या बंपरवर लावण्यासाठी केंद्रांनी फुकट वाटलेले स्टिकर हे साधन त्यांच्याहून बोलके ठरते, कारण श्रोत्याच्या लक्षात आपले नेमके काय राहावे असे केंद्राला वाटत होते, ते त्या वीत-दीड वीत लांबीच्या पट्टीवर उतरलेले असते. अशा स्टिकरांचे संग्राहक त्यांच्या मागे असलेल्या केंद्रांचा इतिहासही जुळवत असतात, आणि या छंदाचे खरे मोल त्या दुसऱ्या कामात आहे.

बंपर स्टिकर ही वस्तू स्वतः फार जुनी नाही. मागे गोंद लावलेले, ओलावा न लागता चिकटणारे लेबल स्टॅन्टन एव्हरी यांनी 1935 मध्ये बाजारात आणले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्सस सिटीचे स्क्रीन प्रिंटर फॉरेस्ट गिल यांनी असा चिकट कागद आणि दिवसाउजेडी झळाळणारी फ्लुरोसंट शाई यांची सांगड घातली, आणि तोवर तारेने बंपरला बांधल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या वा पत्र्याच्या पाट्या मागे पडल्या. पर्यटनस्थळे आणि निवडणुकांतील उमेदवार हे या नव्या वस्तूचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते. रेडिओ केंद्रांनी ती उचलली यात नवल नव्हते, कारण त्यांचा श्रोता पुष्कळदा मोटारीतच असे.

स्टिकरवरचा मजकूर कळण्यासाठी संकेताक्षरांची पद्धत माहीत असावी लागते. अमेरिकेतील प्रत्येक परवानाधारक केंद्राला रोमन अक्षरांचे एक नाव मिळते. सामान्यतः मिसिसिपी नदीच्या पूर्वेला ते ‘डब्ल्यू’ने आणि पश्चिमेला ‘के’ने सुरू होते, पिट्सबर्गच्या केडीकेएसारखे जुने अपवाद सोडून. ही अक्षरे अनेकदा मालकाची जाहिरात करीत. शिकागोतील डब्ल्यूएलएस हे ‘जगातील सर्वांत मोठे दुकान’ म्हणवून घेणाऱ्या सीअर्स कंपनीचे 1924 मधील केंद्र, तर नॅशव्हिलचे डब्ल्यूएसएम एका विमा कंपनीचे, आणि लाखो लोकांना संरक्षण देत असल्याची तिची फुशारकी त्या अक्षरांत दडलेली. सीअर्सने आपले केंद्र 1928 मध्ये विकले. अक्षरे तशीच राहिली, आणि तीन-चार दशकांनी ती तरुणांना रॉक संगीत ऐकवणाऱ्या केंद्राच्या स्टिकरांवर छापली जाऊ लागली, तेव्हा त्यांचा मूळ अर्थ बहुधा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

केंद्रांना लक्षात राहण्याची एवढी निकड का होती, याचे उत्तर श्रोतृसंख्या मोजण्याच्या रीतीत सापडते. आर्बिट्रॉन ही संस्था निवडक लोकांना आठवडाभराची छापील रोजनिशी देई आणि कोणते केंद्र किती वेळ ऐकले हे त्यांनी स्वतःच्या हाताने तीत लिहावे, अशी अपेक्षा असे. जाहिरातीचे दर या नोंदींवर ठरत असल्यामुळे ऐकले जाण्याइतकेच लिहिताना आठवले जाणेही महत्त्वाचे होते, आणि रोज पुढच्या गाडीच्या बंपरवर दिसणारा केंद्राच्या लहरीचा आकडा त्या आठवणीला फुकटात खतपाणी घाली. म्हणूनच केंद्राची माणसे रस्त्यावर फिरून स्टिकर लावलेली एखादी गाडी हेरत, तिचा क्रमांक प्रसारणात जाहीर करीत आणि ठरलेल्या मिनिटांत फोन करणाऱ्या चालकाला बक्षीस देत. बक्षिसाच्या आशेने स्टिकर लावणारा आपसूकच जाहिरातदार होई आणि क्रमांक ऐकण्यासाठी रेडिओही चालू ठेवी.

स्पर्धेला धार आली ती एफएममुळे. मोठ्या शहरांत एएम केंद्राचेच कार्यक्रम एफएमवर निम्म्याहून अधिक वेळ लावू नयेत, असा नियम संघीय दळणवळण आयोगाने 1964 मध्ये केला आणि तो लागू होताच रिकामा झालेला वेळ भरण्यासाठी नव्या धाटणीचे रॉक कार्यक्रम उभे राहिले. क्लीव्हलंडचे डब्ल्यूएमएमएस 100.7 हे त्याचे ठळक उदाहरण होय. मेट्रोमीडिया कंपनीने 1968 मध्ये ‘मेट्रोमीडिया स्टिरिओ’ची ही आद्याक्षरे घेतली; 1972 मध्ये मालक बदलला, अक्षरे टिकली, आणि 1974 मध्ये चित्रकार डेव्हिड हेल्टन यांनी काढलेले गिधाड केंद्राचे चिन्ह झाले. उतरती कळा लागलेल्या, 1978 मध्ये कर्जफेड चुकवण्याची नामुष्की ओढवलेल्या कारखानी शहरात मेलेल्यावर जगणारा पक्षी मिरवणे ही शहराने स्वतःचीच केलेली थट्टा होती, आणि ती लोकांना मनापासून आवडली. याच केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी एका संगीत-नियतकालिकाच्या वाचक-कौलात मतपत्रिका भरल्याचे 1988 मध्ये स्थानिक वृत्तपत्राने उघड केले. लोकप्रियतेसाठी स्टिकर छापणे आणि मतपत्रिका भरणे यांतले अंतर वाटते तितके मोठे नसावे.

लॉस एंजेलिसच्या केएमईटी 94.7 ने वेगळीच शक्कल लढवली. या केंद्राचे फलक आणि बंपर स्टिकर उलटे लावलेले असत. वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागे आणि त्या क्षणात आकडा डोक्यात बसे. 14 फेब्रुवारी 1987 रोजी केएमईटी बंद होऊन त्याच जागी केटीडब्ल्यूव्ही हे मंद वाद्यसंगीताचे केंद्र सुरू झाले, तेव्हा हजारो गाड्यांवर अस्तित्वात नसलेल्या केंद्राचे नाव फिरत राहिले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीने 10 मे 1982 रोजी संगीत सोडून बोलक्या कार्यक्रमांची वाट धरली, ती मात्र एएमवरचा संगीतश्रोता एफएमकडे गेल्यामुळे.

साल न छापलेल्या स्टिकरचा काळ ठरवणे हे संग्राहकाचे खरे कसब. स्टिरिओचा उल्लेख असलेला एफएम स्टिकर 1961 पूर्वीचा असू शकत नाही, कारण तशा प्रसारणाला परवानगीच त्या वर्षी मिळाली. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल, तर तो 1963 नंतरचा. काट्याच्या रेडिओवर दशांशाला फारसा अर्थ नसल्याने केंद्रे पूर्णांकात बोलत, तर आकडी रेडिओ आल्यावर दशांश चिन्ह ठळक होत गेले. स्टिकरच्या पाठीमागच्या कागदावर खाद्यगृहांच्या वा शीतपेयांच्या सवलतीची कुपने छापलेली असत आणि त्यांवर मुदतीची तारीख असल्यास निकाल हाती लागतो. येथे एक विसंगतीही ध्यानात घ्यावी लागते : ज्या स्टिकरने आपले काम केले, तो उन्हापावसात विटून गाडीबरोबर भंगारात गेला; संग्रहात पोहोचला तो खणात पडून राहिलेला, कोणीही न वापरलेला. त्यामुळे आज मुबलक मिळणारा स्टिकर लोकप्रिय केंद्राचाच असेल असे नाही. तो गरजेपेक्षा जास्त छापलेला असण्याचाही संभव आहे.

1996 च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीच्या देशभरातील केंद्रसंख्येवरची मर्यादा उठवली. मालकी थोड्या हातांत एकवटली आणि स्थानिक थट्टा-मस्करीची जागा सर्वत्र सारख्या नावांनी घेतली. पुढे 2007 पासून मोठ्या शहरांत आवाजातील सांकेतिक खूण आपोआप टिपणारे उपकरण रोजनिशीच्या जागी येऊ लागल्यावर, नाव आठवून लिहिण्याची गरज आणि तिच्यासोबत स्टिकरचे व्यापारी प्रयोजनही ओसरले.

भारतात आकाशवाणीच्या एकाधिकारामुळे त्या काळात ही स्पर्धा उद्भवलीच नाही. येथील छांदिष्टांकडे स्टिकर असत ते बहुधा परदेशी लघुलहरी केंद्रांना श्रवण-अहवाल धाडून मिळवलेले. मुंबईत खासगी एफएम आले 2002 मध्ये, आणि त्या पहिल्या फळीतील विन 94.6 बंद पडले, तर गो 92.5 पुढे रेडिओ वन झाले. त्या काळातील स्टिकर कोणाच्या जुन्या खणात असतील, तर ते पाठीमागच्या कागदासकट जपून ठेवावेत आणि कोठून, केव्हा मिळाले हे लगेच लिहून ठेवावे.