घरातला आजार आणि मुलाची वही

आमच्या पिढीत एखाद्या घरात मानसिक आजार असला की दोन गोष्टी ठरलेल्या असत. एक, त्याबद्दल मोठ्याने बोलायचं नाही. दुसरी, त्या घरातल्या मुलांवर मात्र सगळ्यांनी नजर ठेवायची. पोरगं जरा गप्प बसलं, परीक्षेत मागे पडलं, की "आईवर गेलंय" हा निकाल तयार! अशा मुलांचं पुढे खरोखर काय होतं, हे काही संशोधकांनी नीट पाहिलं आहे. जन्मभर वर्गात उभं राहिल्यामुळे असेल, पण मला तो इतिहास फार जवळचा वाटतो.

जर्मनीचे डॉक्टर क्रेपेलिन यांनी १८९० च्या दशकात या आजाराला 'डिमेन्शिया प्रिकॉक्स', म्हणजे कमी वयात होणारा बुद्धीचा ऱ्हास, असं म्हटलं होतं. स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांना ते पटेना. प्रत्येकाचा ऱ्हास होतोच असं नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. १९११ सालच्या त्यांच्या ग्रंथामुळे 'स्किझोफ्रेनिया' हे नाव रूढ झालं. पण विचारशक्ती मंदावते ती आजारानंतर की आधीच, हा प्रश्न उरलाच. माणूस आजारी पडल्यावर घरच्यांना त्याचं बालपण विचारलं, तर आठवणीही निकालाच्या बाजूने झुकतात.

यावर उपाय एकच. मुलं धडधाकट असतानाच त्यांना तपासायचं आणि मग वाट पाहायची. १९६२ साली अमेरिकेचे मेडनिक आणि डेन्मार्कचे शुल्सिंगर यांनी कोपनहेगनमध्ये हेच केलं. आईला तीव्र स्किझोफ्रेनिया असलेली २०७ मुलं त्यांनी निवडली, आणि तुलनेसाठी इतर १०४. सरासरी वय १५, म्हणजे आपली नववी-दहावीची मुलं. डेन्मार्कमध्ये नागरिकांच्या नोंदी चोख ठेवलेल्या असल्याने मुलं मोठी होऊन पांगली तरी पत्ता लागत असे. ही मुलं चाळिशीत पोहोचेपर्यंत पहिल्या गटात शंभरात सुमारे १६ जणांना स्किझोफ्रेनिया झाला, तर दुसऱ्या गटात शंभरात सुमारे दोघांना. धोका मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आई इतकी आजारी असूनही शंभरातल्या ८४ जणांना तो आजार झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

१९६६ साली अमेरिकेत हेस्टन यांनी आजारी मातांपासून जन्मतःच दूर वाढलेल्या ४७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला होता, तुलनेच्या ५० जणांत एकालाही नाही. यावरून आनुवंशिकतेचा हात स्पष्ट झाला. पण उरलेल्यांतले बरेच जण नुसते बरे नव्हते, तर तुलनेच्या गटापेक्षाही अधिक रंगतदार आयुष्य जगत होते, असं हेस्टन यांनी आवर्जून नोंदवलं. त्यांत संगीतकार होते, शिक्षकही होते. हा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७१ पासून एर्लेनमायर-किमलिंग बाईंनी ७ ते १२ वर्षांच्या मुलांचं लक्ष आणि स्मरण तपासलं. पुढे जी आजारी पडली, त्यांतल्या बहुतेकांना ऐकलेलं मनात धरून ठेवणं लहानपणीच जड जात होतं. पण तशीच अडचण असलेली कितीतरी मुलं आजारी पडली नाहीत. म्हणजे ही अडचण भाकीत नव्हे. तिला अडचणच म्हणावं.

वर्गात ती कशी दिसते? अशी मुलं मी पाहिली आहेत. श्रुतलेखनात वाक्याचा शेवटचा भाग निसटतो. तीन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच हातात राहते. डबा, वही, वेळ यांचं गणित जमत नाही, कारण ते घरी जमवून देणारं माणूस अंथरुणावर असतं. अशा मुलाला आम्ही शिक्षक मंडळी 'वेंधळा' म्हणून मोकळे होतो.

डेन्मार्कमध्येच २०१३ साली सात वर्षांच्या ५२२ मुलांचा नवा अभ्यास सुरू झाला. त्यांत २०२ जणांच्या आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया होता. ही मुलं सरासरीने मागे दिसली, विचारांच्या चाचण्यांतही आणि रोजच्या व्यवहारातही. अकराव्या वर्षी पुन्हा तपासलं तेव्हा ती मागेच होती, पण अंतर वाढलेलं नव्हतं. मधल्या चार वर्षांत तीही इतरांच्याच गतीने पुढे आली होती. पंधराव्या वर्षीची फेरी त्यानंतरची.

मुलं घसरत नाहीत, उशिरा निघालेली असतात, एवढं शिक्षकाला कळलं तरी पुरे. सूचना एकेक द्यावी, फळ्यावर लिहून द्यावी, गृहपाठाला शाळेतच अर्धा तास जागा करून द्यावी. भास होऊ लागले, झोप उडाली, मूल एकाएकी सगळ्यांपासून तुटलं, तर मात्र वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. आणि "आईवर गेलाय" हे वाक्य कुणी स्टाफरूममध्ये उच्चारलं, तर त्यांना ते ८४ जण जरूर सांगावेत.